रानद्राक्षांची जेली: आंबट रस गोठतो कसा?

ऑगस्ट संपत आला, की अमेरिकेच्या मध्य आणि ईशान्य भागात नदीकाठच्या झाडांवर, शेतांच्या कुंपणांवर आणि रस्त्याच्या कडेच्या झुडपांवर जांभळ्या-काळ्या मण्यांचे लहान लहान घड दिसू लागतात. मणी वाटाण्याएवढा, फार तर करवंदाएवढा. त्यावर पांढुरका, पावडरीसारखा थर. बोटाने पुसला की खाली गर्द जांभळा रंग. एखादा मणी तोंडात टाकला तर डोळे मिटून घ्यावे लागतील इतका आंबट. बिया मोठ्या आणि गर नावापुरता. नाशिकची किंवा तासगावची द्राक्षे खाल्लेला माणूस दुसऱ्या मण्याला हात लावणार नाही. तरीही दरवर्षी तिथले लोक बादल्या आणि कात्र्या घेऊन बाहेर पडतात. कारण ही द्राक्षे तशीच खाण्यासाठी कोणी तोडत नाही. ती जेलीसाठी असतात.

या जेलीत घटक दोनच: रस आणि साखर. जिलेटिन नाही, रंग नाही, टिकवण्यासाठी वेगळे रसायन नाही. तरी थंड झाल्यावर ती बरणीत घट्ट उभी राहते, सुरीने कापली तर कडा धरते आणि प्रकाशासमोर धरली तर माणकासारखी चमकते. जी द्राक्षे खाता येत नाहीत, त्यांचीच जेली इतकी चांगली का होते, याचे उत्तर त्यांच्या आंबटपणात आहे. मात्र या साध्या वाटणाऱ्या पदार्थात दोन ठिकाणी चूक महागात पडू शकते. पहिली वेलीखाली, फळ ओळखताना. दुसरी शेगडीवर आणि बरणी बंद करताना.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करायला हवा. आपल्याकडे ‘जेली’ म्हटले की वाढदिवसाच्या ताटलीत हलणारा लाल-हिरवा पदार्थ आठवतो. तो बहुधा जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. शाकाहारी प्रकारात समुद्री शेवाळापासून काढलेले अगार वापरतात. फळांची खरी जेली या दोन्हींहून वेगळी. तिला घट्ट करणारा पदार्थ फळातच असतो. त्याचे नाव पेक्टिन.

कोणती ही द्राक्षे?

उत्तर अमेरिका हे रानद्राक्षांचे मोठे माहेर आहे. तिथे द्राक्षाच्या अनेक जाती रानात आपोआप वाढतात. त्यांतली सर्वांत दूरवर पसरलेली जात म्हणजे ‘व्हायटिस रायपेरिया’, नदीकाठचे द्राक्ष. कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सासपर्यंत ती आढळते आणि उणे ४० अंशांची थंडीही सोसते. पूर्व किनाऱ्याकडे ‘व्हायटिस लाब्रुस्का’ ही मोठ्या मण्यांची, उग्र वासाची जात आहे. दक्षिणेत जाड सालीचे मस्कडाइन, तर टेक्सासमध्ये मस्टँग द्राक्ष. मस्टँग इतके आम्लयुक्त, की ते हातमोजे न घालता तोडले आणि कुस्करले तर हातांची आग होते.

लाब्रुस्काचा वास आपल्यालाही ओळखीचा आहे, फक्त ते ठाऊक नसते. ‘ग्रेप फ्लेवर’ची गोळी किंवा सरबत आपल्या द्राक्षासारखे का लागत नाही, हा प्रश्न अनेकांना पडला असेल. तो स्वाद मिथाइल अँथ्रानिलेट या रसायनाचा असतो. लाब्रुस्का आणि तिच्या वंशातल्या द्राक्षांत ते नैसर्गिकरीत्या असते, आपल्या थॉम्पसन सीडलेसमध्ये ते जाणवत नाही. याच रानवेलीच्या बियांतून मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी इफ्रेम बुल यांनी १८४९मध्ये एक रोप निवडले. ते ‘काँकर्ड’ नावाने प्रसिद्ध झाले. पुढे १८६९मध्ये न्यू जर्सीतले दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी द्राक्षाचा रस बाटलीत भरून तापवला आणि त्याचे आंबणे थांबवले. चर्चमधल्या विधीसाठी दारू नसलेला रस हवा, हा त्यांचा हेतू होता. आज अमेरिकी दुकानांतली बहुतेक द्राक्ष-जेली काँकर्डची असते. घरची जेली मात्र अजूनही अनेक जण रानातल्या वेलीवरूनच करतात.

एकच बी, चंद्रकोरीसारखी

रानद्राक्षे तोडायला निघालेल्याने सगळ्यांत आधी ओळखायला शिकायचे ते द्राक्ष नव्हे, तर द्राक्षासारखे दिसणारे दुसरे फळ. इंग्रजीत त्याला ‘मूनसीड’ म्हणतात, शास्त्रीय नाव मेनिस्पर्मम कॅनडेन्स. ही वेलही त्याच नदीकाठी, त्याच झाडांवर चढते. तिलाही त्याच महिन्यात निळ्या-काळ्या मण्यांचे घड लागतात आणि त्या मण्यांवरही तसाच पांढुरका थर असतो. पण ती विषारी आहे. तिच्यात डॉरिसिन आणि तशाच प्रकारची इतर अल्कलॉइड्स असतात. तिची फळे खाल्ल्याने, विशेषतः लहान मुलांच्या, जिवावर बेतू शकते. रस उकळला की विष निघून जाईल, असेही समजू नये.

गुळवेल ज्या कुळात मोडते, त्याच मेनिस्पर्मेसी कुळातली ही वेल आहे. ‘गुळवेलीची बहीण’ म्हणून ती औषधी असेल, असा तर्क मात्र अजिबात लावू नये. एकाच कुळातल्या दोन वनस्पतींपैकी एक औषधात वापरली जाते आणि दुसरी विषारी असते, हे वनस्पतिशास्त्रात नेहमीचेच आहे.

दोघींतला फरक चार खुणांनी कळतो.

बी: द्राक्षाचा मणी चिरला तर त्यात बहुधा दोन ते चार, नासपतीच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या बिया निघतात. मूनसीडच्या फळात एकच चपटी, चंद्रकोरीसारखी वळलेली बी असते. नाव पडले ते त्यावरूनच.

तणावे: द्राक्षाची वेल स्प्रिंगसारख्या वळलेल्या तणाव्यांनी आधार पकडते. मूनसीडला तणावे नसतात. ती स्वतःच आधाराभोवती गुंडाळत चढते.

पानाची कड: द्राक्षाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. मूनसीडच्या पानाची कड गुळगुळीत असते.

देठ: द्राक्षाच्या पानाचा देठ पानाच्या कडेला, खोबणीत जोडलेला असतो. मूनसीडमध्ये तो कडेपासून किंचित आत, पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला असतो.

यांपैकी एका खुणेवर विसंबू नये. दाट झाडीत दोन्ही वेली एकमेकींत गुंतलेल्या असतात, तणावा एकीचा आणि घड दुसरीचा असू शकतो. म्हणून प्रत्येक वेलीवरचा मणी चिरून बी पाहायची, हा नियम. व्हर्जिनिया क्रीपर ही आणखी एक फसवी वेल. तिची फळेही निळी-काळी आणि तीही पोटात जाऊ नयेत अशीच, पण पाच पाच पर्णिकांच्या पंजासारख्या पानामुळे ती लगेच ओळखू येते. ‘पक्षी खातात म्हणजे माणसाला चालेल’ हा समज या तिन्ही वेलींच्या बाबतीत सारखाच धोक्याचा आहे. भारतातून तिकडे गेलेल्या कुटुंबांना तिथल्या रानाची ओळख नसते. त्यांनी पहिल्या वर्षी जाणकार माणसाबरोबरच जावे, आणि मुलांना ‘तोडायचे, पण तोंडात टाकायचे नाही’ हे आधीच सांगावे.

रस्त्यालगतच्या आणि रेल्वेच्या कडेच्या वेलींवर तणनाशक फवारलेले असू शकते. त्या सोडून द्याव्यात.

पेक्टिन, आम्ल आणि साखर

फळाच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. पेशींच्या भिंतींमध्ये आणि दोन पेशींच्या सांध्यात ते भरलेले असते, विटांमधल्या चुन्यासारखे. फळ कच्चे असते तेव्हा हा चुना पक्का असतो. फळ पिकते तशी विकरे त्याचे तुकडे करतात आणि फळ मऊ पडते. म्हणूनच जास्त पिकलेल्या फळाची जेली नीट लागत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५मध्ये या पदार्थाचे वर्णन करून त्याला पेक्टिन हे नाव दिले. ते ‘गोठलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

पेक्टिनचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. फळे उकळली की या साखळ्या सुटून रसात येतात. पण तेवढ्याने रस गोठत नाही. साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात. शिवाय प्रत्येक साखळीभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. रस गोठायचा तर हे दोन्ही अडसर दूर व्हायला हवेत.

पहिला अडसर आम्ल दूर करते. रस पुरेसा आंबट असेल, म्हणजे त्याचा पीएच साधारण २.८ ते ३.५च्या दरम्यान असेल, तर साखळ्यांवरचा बराचसा भार नाहीसा होतो. दुसरा अडसर साखर दूर करते. साखरेला पाणी फार प्रिय. ती साखळ्यांभोवतीचे पाणी स्वतःकडे ओढून घेते. आता भार नाही आणि पाण्याचे वेष्टनही नाही, तेव्हा साखळ्या एकमेकींजवळ येतात, जागोजागी जोडल्या जातात आणि रसात एक जाळे तयार होते. त्या जाळ्याच्या घरांत साखरेचा पाक अडकून राहतो. हीच जेली.

तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी काम बिघडते. पेक्टिन कमी असेल तर नुसते सरबत उरते. आम्ल कमी असेल तरी जेली लागत नाही, आणि फार जास्त झाले तर लागलेली जेली पाणी सोडू लागते. साखर कमी पडली तर जाळे विरळ राहते. रानद्राक्षाचे मोठेपण इथे कळते. त्यात पेक्टिन आणि आम्ल दोन्ही मुबलक असतात. बाजारातली गोड, बिनबियांची द्राक्षे त्या मानाने या कामात कच्ची ठरतात. त्यांना बाहेरून पेक्टिन आणि लिंबाचा रस द्यावा लागतो. आपल्या जिभेसाठी शेतकऱ्याने जे गुण वाढवले, ते जेलीला नको असतात, आणि जे काढून टाकले तेच तिला हवे असतात.

कृती

तोडताना साधारण तीन हिस्से पिकलेले आणि एक हिस्सा किंचित कच्चे, अजून लालसर असलेले मणी घ्यावेत. पिकलेल्यांतून रंग आणि स्वाद येतो, कच्च्यांतून पेक्टिन आणि आम्ल. मणी देठावरून सोडवून धुवावेत, कुजलेले काढून टाकावेत. कातडी नाजूक असेल तर हातमोजे घालावेत.

स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मणी कुस्करून एक किलोला साधारण १३० मिलिलिटर पाणी घालावे. उकळी आली की आच कमी करून ५ ते १० मिनिटे शिजवावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळावे, कारण इतका आंबट रस धातू ओढून घेतो. मिक्सर वापरू नये. बिया फुटल्या तर रस कडवट, तुरट होतो.

शिजलेले मिश्रण ओल्या मलमलच्या दुहेरी फडक्यात ओतून, चक्क्यासाठी दही टांगतो तसे टांगून ठेवावे. रस थेंब थेंब गळू द्यावा. घाई करून पुरचुंडी पिळली, तर रस जास्त निघतो, पण गराचे बारीक कण येऊन जेली गढूळ होते.

हा रस झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि पस्तावतात. त्याचे कारण पुढे येईल. दुसऱ्या दिवशी तळाचा साका न ढवळता वरचा रस ओतून पुन्हा फडक्यातून गाळावा.

एक वाटी रसाला पाऊण ते एक वाटी साखर हे प्रमाण. एका वेळी चार ते सहा वाट्यांपेक्षा जास्त रस घेऊ नये. जास्त रस आटायला वेळ लागतो आणि फार वेळ उकळले की पेक्टिनच्या साखळ्या तुटतात. पातेले पसरट आणि उंच काठाचे हवे, कारण हे मिश्रण जोरात वर येते. साखर विरघळली की मोठ्या आचेवर उकळायचे. वर आलेला फेस काढत राहायचे.

आता सगळ्यांत अवघड काम: थांबायचे कधी? आपल्याकडे पाकाची तार पाहतात, तशी जेलीची ‘चादर’ पाहतात. गार चमचा उकळत्या मिश्रणात बुडवून वाफेपासून दूर, आडवा धरायचा. सुरुवातीला थेंब सुटे सुटे पडतात. मग दोन थेंब शेजारी शेजारी लोंबू लागतात. ते दोन्ही एकत्र येऊन चमच्याच्या कडेवरून एकसंध पापुद्र्यासारखे घसरले, की आच बंद. थर्मामीटर असेल तर आपल्या गावी पाणी ज्या तापमानाला उकळते, त्याच्या सुमारे साडेचार अंश वर. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ ते १०५ अंश सेल्सिअस येतो. पण उंचीवर पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळेल. तिथे १०४ची वाट पाहत बसले तर जेलीऐवजी चिवट गोळी हाती येते. म्हणून आधी साधे पाणी उकळून आकडा पाहून घ्यावा.

बरणीत भरल्यावर जेली लगेच घट्ट झाली नाही म्हणून ती हलवू नये. जाळे विणले जायला एक-दोन दिवस लागू शकतात. त्यानंतरही पातळच राहिली तर ती पुन्हा आटवता येते, किंवा सरबतासारखी वापरता येते. फसलेली जेली वाया जात नाही.

काचेसारखे खडे कुठून आले?

रस रात्रभर थंड करण्याची पायरी गाळली, तर काही आठवड्यांनी जेलीत काचेच्या चुऱ्यासारखे कण दाताखाली येतात. घरातले घाबरतात, बरणी फुटली की काय असे वाटते. ती काच नसते. द्राक्षाचे मुख्य आम्ल टार्टारिक आम्ल आहे, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारेच. द्राक्षाच्या रसातल्या पोटॅशियमशी त्याचा क्षार बनतो. गरम रसात तो विरघळून राहतो, थंडीत त्याचे स्फटिक होतात. रस रात्रभर फ्रीजमध्ये राहिला तर हे स्फटिक तिथेच तळाला बसतात आणि गाळून टाकता येतात. हा क्षार निरुपद्रवी आहे. बेकरीत ‘क्रीम ऑफ टार्टर’ म्हणून जी पांढरी पूड वापरतात, ती हीच.

या आम्लाने विज्ञानाला एक मोठा शोध दिला. १८४८मध्ये, पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्याच एका प्रकाराच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना दिसले की स्फटिक दोन प्रकारचे आहेत, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यांनी ते चिमट्याने वेगळे केले. दोन्हींची द्रावणे प्रकाशाचे प्रतल विरुद्ध दिशांना वळवत होती. रेणूंनाही डावे-उजवे असते, ही समज तिथून रुजली. आज औषधे तयार करताना ती पदोपदी लागते. अशा डाव्या-उजव्या समसमान मिश्रणाला रसायनशास्त्रात ‘रेसिमिक’ म्हणतात. तो शब्द ‘द्राक्षाचा घड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे.

बरणी, बुरशी आणि बोट्युलिझम

घरी टिकवलेल्या पदार्थांतली सर्वांत मोठी भीती बोट्युलिझमची. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवाबंद जागेत वाढून अतिशय घातक विष तयार करतो. पण पीएच ४.६च्या खाली तो वाढू शकत नाही. रानद्राक्षाचा रस त्याहून कितीतरी आंबट असतो. शिवाय साखरेने पाणी इतके धरून ठेवलेले असते, की जिवाणूंच्या वाट्याला ते येतच नाही. त्यामुळे योग्य प्रमाणात केलेल्या द्राक्ष-जेलीत हा धोका जवळजवळ नसतो. हेच गणित भाज्या, लसूण किंवा मिरच्यांच्या घरगुती बाटल्यांना लागू होत नाही. त्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून सुरक्षित होत नाहीत.

जेलीचा खरा शत्रू बुरशी. तिला आंबटपणा चालतो, थोडे पाणी पुरते, फक्त हवा लागते. अमेरिकेत जॉन मेसन यांनी १८५८मध्ये आट्याच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले आणि घरगुती साठवणीचे चित्र बदलले. पूर्वी जेलीवर वितळलेले मेण ओतून ती बंद करायची पद्धत होती. मेणाला बारीक फटी राहतात, म्हणून आता ती सुरक्षित मानली जात नाही. आजची शिफारस अशी: उकळत्या पाण्यातून काढलेल्या निर्जंतुक बरणीत जेली गरम असतानाच भरावी, वर पाव इंच जागा सोडावी, नवे झाकण लावावे आणि भरलेली बरणी पुन्हा उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवावी. सुमारे तीनशे मीटरहून उंच ठिकाणी १० मिनिटे, आणि १८०० मीटरच्या वर १५ मिनिटे. थंड झाल्यावर झाकणाचा मधला भाग आत ओढलेला असला पाहिजे. उघडलेली बरणी फ्रीजमध्येच ठेवावी.

वर पांढरी बुरशी आली तर ती चमच्याने काढून खालची जेली वापरण्याची सवय आपल्या घरांतही आहे. ती सोडायला हवी. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात आणि काही बुरशा विषारी द्रव्ये सोडतात. अशी बरणी सरळ टाकून द्यावी.

तब्येतीला कितपत चांगली?

गर्द जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. सालीत रेस्व्हेरॅट्रॉल नावाचे संयुगही असते. १९९२मध्ये ‘फ्रेंच विरोधाभासा’वर, म्हणजे भरपूर स्निग्ध आहार घेऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, यावर गाजलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर द्राक्षातल्या या संयुगांना फार प्रसिद्धी मिळाली. पण रानद्राक्षाची जेली औषध म्हणून खाणे म्हणजे स्वतःची फसवणूक. उकळताना अँथोसायनिनचा काही भाग नष्ट होतो, साल आणि बिया फडक्यातच राहतात, आणि तयार जेलीत साठ टक्क्यांहून अधिक साखरच असते.

एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे २० ग्रॅम जेली घेतली, तर पोटात जवळपास १२ ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने अशी ‘मोकळी’ साखर दिवसाला एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. एका चमच्यात निम्मा वाटा संपला. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे, की जेलीतल्या रसाची ‘नैसर्गिक’ साखरही याच हिशोबात धरायची असते. साखरेऐवजी गूळ घातल्याने हा हिशोब बदलत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून साखर घातलेले पदार्थ देऊच नयेत.

मग साखर निम्मी करून चालेल का? नेहमीच्या पेक्टिनला चालणार नाही. जाळे बांधणे आणि बुरशी-जिवाणूंना रोखणे, ही दोन्ही कामे साखर करते. कृत्रिम गोडीचे थेंब चव देतात, पाणी धरत नाहीत. यावर उपाय म्हणून कमी मिथॉक्सिलचे खास पेक्टिन मिळते. ते साखरेऐवजी कॅल्शियमच्या मदतीने गोठते. त्याची जेली कमी गोड होते, पण उघडल्यावर लवकर बुरशी धरते. म्हणून लहान बरण्या भराव्यात, फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि लवकर संपवाव्यात. ज्यांना साखर मोजून खायची आहे, त्यांच्यासाठी दुसरा साधा मार्ग म्हणजे नेहमीची जेली आणि लहान चमचा.

नाशिकच्या वेलीखाली

ही सगळी गोष्ट सातासमुद्रापलीकडची वाटेल. पण अमेरिकेतल्या रानद्राक्षाने महाराष्ट्राचे द्राक्ष अक्षरशः पायावर उभे केले आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकेच्याच रानात. या किडीबरोबर वाढलेल्या रानवेलींची मुळे तिला दाद देत नव्हती. त्या मुळांवर फ्रेंच जातींची कलमे बांधली गेली. या कामात टेक्सासमधल्या डेनिसनचे वनस्पती-अभ्यासक टी. व्ही. मन्सन यांचा मोठा वाटा होता आणि १८८८मध्ये फ्रान्सने त्यांचा गौरव केला.

नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘डॉगरिज’ हे नाव याच टेक्सासच्या रानद्राक्षाचे. आपल्याकडे ते किडीसाठी आले नाही, तर पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमीन यांवर उपाय म्हणून आले. वर थॉम्पसन किंवा सोनाका, खाली डॉगरिजचा खुंट. दुष्काळी भागातला बागायतदार ज्या मुळांच्या भरवशावर वर्षाचे कर्ज काढतो, ती मुळे कधीकाळी टेक्सासच्या रानात कोणाच्या मशागतीशिवाय वाढत होती. म्हणूनच नदीकाठच्या आंबट वेली ‘निरुपयोगी’ म्हणून साफ करण्याआधी विचार करावा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. उद्याच्या दुष्काळाला किंवा रोगाला लागणारा गुण कोणत्या वेलीत दडला आहे, हे आज सांगता येत नाही.

रानद्राक्षे इथे मिळाली नाहीत, तरी जेलीचे शास्त्र इथल्या फळांनाही तसेच्या तसे लागू पडते. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातून येणाऱ्या करवंदांत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही आहेत. पिकलेल्या करवंदांत थोडी कच्ची मिसळली, तर नुसत्या साखरेवर उत्तम जेली लागते. कवठाची जेली तर अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पेरूत पेक्टिन भरपूर असते, आंबटपणा कमी, म्हणून त्याला लिंबू पिळावे लागते. आजीने सांगितलेले ‘पेरू थोडे अर्धकच्चे घे, लिंबू विसरू नको आणि पुरचुंडी पिळू नको’ हे तीन नियम म्हणजे पेक्टिन, पीएच आणि गाळण यांचे धडेच. करवंदाचा हंगाम आला की पहिल्या प्रयत्नाला चार वाट्या रसापेक्षा जास्त घेऊ नये, एक चमचा गार करून ठेवावा आणि दोन थेंब एक होईपर्यंत शेगडीपासून हलू नये.